बदलीची बाई आणि चार पावलं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मावशींचं उजवं मनगट मोडलं. सकाळी सहाच्या सुमारास बाथरूममध्ये पाय घसरला. दुजोरा त्यांच्या सुनेनं दिला — नऊ चाळीसला, हॉस्पिटलच्या जिन्यातून. प्लास्टर सहा आठवडे. "काही उचलायचं नाही म्हणालेत डॉक्टर. तुमची गोटी तर नऊ किलोची आहे ना?" दहा, मी म्हणाले. मग माझी मलाच लाज वाटली. तिकडे बाईचं हाड मोडलंय आणि मी आकडा दुरुस्त करतेय!

गोटी चौदा महिन्यांची. तिसऱ्या महिन्यापासून मावशी घरी येऊन तिला सांभाळतात. साडेनऊ ते सहा. दुसऱ्या कुणाकडे ती तासभरसुद्धा राहिलेली नाही.

आणि सोमवारी, नऊ तारखेला, मला पुरवणीचं डेस्क हातात घ्यायचंय. एकवीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केल्यावर मिळालेली खुर्ची! संपादकांना फोन केला. शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत रजा घे. सोमवारी दहाला तू खुर्चीत हवीस. नाही जमलं तर आधी सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. पण मग मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल." मागून क्रीडा पानवाल्याचा आवाज — "मी बसतो की! फुलांचे फोटो तर लावायचे!" मेला.

नवरा तिकडे बोगद्याच्या साइटवर. फोनला रेंज नाही. दर शनिवारी संध्याकाळी टेकडी चढतो आणि दहा मिनिटं बोलतो. एकवीस तारखेला सुट्टीवर येईल. तोवर त्याचा उपयोग शून्य. पहिला प्रश्न दर वेळी ठरलेला — "चालली का?" नाही चालली. सोफ्याला धरून उभी राहते आणि धपकन बसते. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई नाही, पुढच्या महिन्यात आणा. मी घाई करत नाही. फक्त रोज बघते.

सासूबाईंना कळवलं. गुडघ्यांमुळे त्यांना आमचा जिना चढवत नाही. फोनवर म्हणाल्या, "बदलीची बाई म्हणजे बदलीचा ड्रायव्हर गं. ब्रेक कुठे आहे ते कळेपर्यंत निम्मा रस्ता संपतो."

पाच दिवस आहेत. पाच दिवसांत याहून अवघड कामं केली आहेत मी. केली आहेत ना?

बुधवार, ४ फेब्रुवारी

एजन्सीनं तिघींना पाठवलं.

पहिली हसतमुख. दारातच गोटीला उचललं. गोटीनं घर डोक्यावर घेतलं. "सवय होते हो," म्हणाली, आणि रडती पोर तशीच कडेवर ठेवून फोनवर कुणाला तरी बसचा नंबर सांगत राहिली. नको.

दुसरीनं बालसंगोपनाचा कोर्स केलेला. प्रश्न तिनंच विचारले. मूल टीव्ही किती बघतं? तुम्ही रागावता का? आठवड्यातून किती वेळा? मी सगळी उत्तरं खरी दिली आणि नापास झाले. "मी कळवते," म्हणाली. मला! मी उमेदवार!

तिसरी उत्तम. आवाज मऊ, नखं कापलेली. गोटी स्वतःहून तिच्या मांडीशी गेली — रांगतच, पण गेली. फक्त दुपारी एकपर्यंत येईल. एकनंतर ती दुसरीकडे बदली आहे.

एजन्सीवाली म्हणते, "मॅडम, चांगली असते ती कुठेतरी चिकटलेली असते. मोकळी असेल तर ती का मोकळी आहे ते विचारायचं नसतं." मी तर तेच विचारते. धंदाच तो माझा.

गोटी साडेनऊपासून दाराकडे बघत बसते. कुणी जिना चढलं की मान वर. मग खाली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मावशींचा फोन. आवाज बारीक झालाय. "आमच्या मागच्या गल्लीत एक आहे. सध्या मोकळी आहे. मुलांना हात चांगला आहे तिचा. पण —"

"पण काय, मावशी?"

"काही नाही. तुम्हाला चालेल. तुम्ही पेपरवाल्या."

याचा अर्थ काय घ्यायचा? विचारलं तर म्हणाल्या, सून गोळी घेऊन आली, ठेवते.

चारला ती बाई आली. पन्नाशीची. उंच. चष्म्याला काळा दोरा. आल्या आल्या विचारलं, हात कुठे धुऊ. गोटीला उचललं नाही, लाडे लाडे हाका नाहीत. समोर फरशीवर पाय पसरून बसल्या आणि स्वतःच्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. पाच मिनिटांत गोटी बंदाच्या दुसऱ्या टोकाला!

मी अकरा प्रश्न लिहून ठेवले होते. मुलाखतीला जाताना काढतात तसे.

तुम्हाला काय म्हणायचं? — "काहीही म्हणा. मावशी नको, मावशी आहे ना तुमची. काकू म्हणा."

मुलांवर हात उगारलात कधी? — "माझ्या मुलावर. दोनदा. अजून आठवतं. लोकांच्या मुलांवर नाही."

दुपारी झोप लागते? — "कधी कधी डुलकी लागते. मूल झोपलेलं असेल तरच."

कुणी असं सांगतं का! माझ्या अकरा प्रश्नांची अकरा उत्तरं अशीच. एकही गोड नाही.

मागचं काम का सुटलं?

"सांगितलं म्हणून."

"काय सांगितलं?"

"जे झालं ते."

तेवढ्यात गोटीनं बंद तोंडात घातला, मग खोकली, मग धावपळ. ते उत्तर राहून गेलं. जाताना त्यांनी आधीच्या दोन घरांचे नंबर लिहून दिले. अक्षर सुवाच्य. शून्य आणि सहा वेगळे ओळखू येतात. याही गोष्टीचा माझ्यावर परिणाम होतो, काय करू.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

दोन्ही नंबर खरे निघाले. दोन्ही बायका खऱ्या. बाकी सगळा धुरळा.

पहिली डेंटिस्ट. "वेळेवर यायच्या. स्वच्छ. माझा मुलगा अजून आठवण काढतो त्यांची. पण —" मागे मशीनची घरघर.

"पण?"

"नाही नाही, तसं काही नाही. पेशंट तोंड उघडून बसलाय. घ्या तुम्ही त्यांना. घ्या."

दुसरी बँकेत. आधी एवढा मोठा उसासा. "खोटं बोलत नाहीत हो त्या."

"मग चांगलंच की!"

"हो ना. चांगलंच. कधी म्हणजे कध्धीच नाही बोलत." मग उलट मलाच विचारलं, "तुम्ही नोकरी करता? दिवसभर?"

"हो."

"मग... बघा. बाई लाखात एक आहे."

मी दोघींनाही सरळ विचारलं. कशाला हात लावतात? मारतात? फोनवर असतात? बाहेर काही बोलतात? दोघींचं तडक "छे छे!" आवाजावरून कळतं ना — कुणी झाकत असलं तर "छे" एकदाच येतं, आणि उशिरा येतं. हे दोन्ही "छे" खरे होते. मग त्या "पण"च्या पुढे आहे काय? मोठमोठ्या माणसांची अर्धी राहिलेली वाक्यं पूर्ण करून घेण्यात माझं आयुष्य गेलं. आणि एका डेंटिस्टकडून तीन शब्द निघेनात!

ऑफिसात कागदांवर सह्या करायला तासभर गेले. गोटी कडेवर. क्रीडा पानवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "खोटं बोलत नाही आणि लोक तक्रार करतात? म्हणजे अंपायर आहे ती." मग गोटीला त्यानं स्टेपलर दाखवला. मी तो काढून घेतला. "बघ, तुला कुणीच चालत नाही," म्हणाला.

उद्या काकूंना दिवसभर बोलावलंय. मी घरातच, आतल्या खोलीत, दार लोटून. बातमीला दुसरं सूत्र लागतं; माझं दुसरं सूत्र मीच.

शनिवार, ७ फेब्रुवारी

डोक्याचा भुगा झालाय. क्रमानं लिहिते.

साडेनऊला काकू आल्या. दहा वाजता गोटी रडली. दहा दहाला थांबली. मी आत बसून पुरवणीचे जुने अंक चाळत होते, म्हणजे एकच पान धरून बसले होते. अकरा चाळीसला दारावर टकटक.

"चार पावलं टाकली."

"कुणी?"

"हिनं. स्वयंपाकघराच्या दारापासून फ्रिजपर्यंत. मग बसली."

मी धावत गेले. गोटी फ्रिजपाशी बसून चमच्यानं फरशी वाजवत होती. चेहरा असा की मी नाहीच त्यातली!

"ती अजून चालत नाही, काकू."

"चालते की."

"तुम्हाला भास झाला असेल. धरून उभी राहते ती."

काकूंनी चष्मा पुसला. "ताई, मी फ्रिजपाशी होते. ती दारापाशी होती. मध्ये धरायला काही नाही." मग चष्मा लावत, "आणि आज शिकलेली चाल नाही ही. आज शिकलेलं मूल हात वर ठेवतं, पाय फाकवतं. हिचे हात खाली होते. पडली तर कसं टेकायचं तेही येतं तिला. दोन-तीन आठवडे तरी झाले असतील."

दोन-तीन आठवडे! मावशींचं मनगट मोडून चारच दिवस झालेत. म्हणजे मावशी असताना ही चालत होती? आणि मावशींना माहीत नव्हतं? स्वयंपाकघरात दिवसभर त्यांच्या पायात घुटमळणारी पोर — आणि माहीत नव्हतं?

दुपारभर मी प्रयत्न केले. चेंडू, केळं, माझा फोन, शेवटी माझा चष्मा. लांब बसून हात पसरले, "ये, ये!" तिनं हात पसरले आणि बसून राहिली. पोतं! काकू कोपऱ्यातून बघत होत्या. एकदा म्हणाव्यात असं वाटलं — बाई, माझी चूक झाली असेल. नाही म्हणाल्या.

दोघींपैकी एक खोटं बोलतेय. काकू खोटं बोलत असतील तर सोमवारी मी हिला कुणाकडे सोडून जाऊ? आणि त्या खरं बोलत असतील, तर वर्षभर मी हिला कुणाकडे सोडून जात होते?

सातला याचा फोन. वारा, आणि वाऱ्यात हा. "चालली का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? घरातच आहेस ना तू?"

"आहे. पण माझ्यासमोर नाही."

"मग कुणासमोर?"

"एका सूत्रासमोर."

"काय? कुठल्या सूत्रा—" लाइन गेली.

रविवार, ८ फेब्रुवारी

फोनवर विचारायचं नाही असं ठरवलं. फोनवर चेहरा दिसत नाही. गोटीला घेऊन मावशींकडे गेले.

दोन खोल्या. मावशी खिडकीपाशी खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला, प्लास्टरवर नातवानं काढलेली गाडी. मी दारात चपला काढायला वाकले आणि गोटीला खाली ठेवलं. उभी. एक हात माझ्या खांद्यावर. तिनं मावशींना बघितलं, माझा खांदा सोडला आणि निघाली. चालत! सात पावलं. मी मोजली. मोजायची सवय. मधल्या चटईची कड आली तर पाय उचलून टाकला! आणि मावशींच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली.

"अगंबाई!" मावशी ओरडल्या. "चालली! चालली की हो! पहिल्यांदाच!"

फार लवकर ओरडल्या. तिसऱ्या पावलालाच. आणि बघत होत्या त्या गोटीकडे नाही — माझ्याकडे.

मी चप्पल हातात घेऊन तशीच. "मावशी, कधीपासून?"

"आत्ताच की! तुमच्यासमोर!"

"मावशी."

सून ओट्यापाशी होती. तिनं गॅस बारीक केला आणि आत गेली.

"तेवीस तारखेपासून," मावशी म्हणाल्या. "शुक्रवार होता. मी डबे लावत होते. वळून बघते तर ही मध्ये उभी. दोन पावलं टाकली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? पहिलं पाऊल आईनं बघायचं असतं. आम्ही बघितलं तरी बघितलं नाही म्हणायचं. कामावर लागले तेव्हा मला जुन्या बाईनं सांगितलेलं — दात, शब्द, पाऊल, आईला आधी सांगायचं नाही. आई थकून येते, तिचं तिला बघू दे. आम्ही सगळ्याच असं करतो हो." मग प्लास्टरवर हात फिरवत, "मी रोज सहाला तिला दारासमोर उभी करायचे. तुमची पावलं वाजली की. म्हटलं आज टाकेल, आज टाकेल. आणि तुम्ही दिसलात की ही बसकण मारायची आणि हात वर करायची."

"का पण?"

"तुमच्याकडे चालत कशाला येईल? तुम्हीच धावत येता ना उचलायला."

रागावले होते, हे नक्की. पण कुणावर ते सापडेना. सोळा दिवस मी रोज बघत होते आणि सोळा दिवस ती चालत होती!

मी विचारलं, "आणि काकू?"

"ती सांगते," मावशी म्हणाल्या. "बघितलं की सांगते. दातवाल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलानं पहिला शब्द दुपारी तीनला काढला. हिनं संध्याकाळी सांगितलं, तीनला बोलला म्हणून. ती बाई रडत बसली. असं दोन-तीन घरी झालं. टिकत नाही म्हणून कुठे. आम्ही किती समजावलं, गप्प बस. ती म्हणते, माझ्या तोंडून नाही येत."

"मग मला कशाला नाव दिलंत?"

"तुम्हाला खरं लागतं ना. दिवसभर तेच करता म्हणता." मग हळूच, "घाबरत घाबरतच दिलं."

परत येताना गोटी झोपली. माझा खांदा ओला. दोघींपैकी खोटं कोण, हे शोधायला गेले होते. एक खोटं बोलली, ते माझ्यासाठी. एक खरं बोलली, तेही माझ्यासाठीच असेल. आणि मला दोन्हीचा राग येतोय!

रात्रीच्या जेवणाआधी काकूंना फोन केला. सकाळी साडेनऊला या. बरं, म्हणाल्या. इतकंच.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दहाला पाच कमी असताना खुर्चीत. क्रीडा पानवाल्यानं टेबलावर प्लास्टिकचं फूल आणून ठेवलं. "शुभारंभ, पुरवणीबाई."

एकला काकूंचा फोन. "जेवली. पाऊण वाटी. एकदा पडली, खालच्या ओठाला दात लागला, रक्त आलं. बर्फ लावला. माझं लक्ष नव्हतं. मी डबा पुसत होते."

हातातलं पान तसंच राहिलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती — खेळता खेळता लागलं हो, मुलांचं चालायचंच. "माझं लक्ष नव्हतं" हे वाक्य एकवीस वर्षांत मला कुणी लिहून दिलेलं नाही. ना कुठल्या मंत्र्यानं, ना कुठल्या वार्ताहरानं.

घरी येऊन ओठ बघितला. तांदळाएवढी खूण. सांगितलं तेवढंच होतं. त्याहून जास्त नाही, कमी नाही.

बाई ठेवायची. ठरलं. आवडतात का मला? माहीत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

ही वही मागे चाळली. वाईट केलं.

"१२ नोव्हेंबर. आज पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या! मी दारात पाऊल टाकलं आणि मावशी म्हणाल्या, बघा बघा!"

"२० डिसेंबर. पहिल्यांदा टाटा केला! नेमकी मी आले तेव्हाच. मावशी म्हणाल्या, तुमच्यासाठीच थांबली होती."

नेमकी मी आले तेव्हाच. असं नेमकं बातमीत आलं असतं तर वार्ताहराला उभं केलं असतं मी! इथे उद्गारचिन्हं देऊन छापून मोकळी झाले.

खोडायला पेन घेतलं. काय लिहू — खुलासा? ताज्या म्हणून दिलेल्या बातम्या शिळ्या होत्या? पण त्या दिवशी मी बघितलं होतंच ना. टाळ्या खऱ्या होत्या. माझं ओरडणं खरं होतं. मावशी त्यात दिवसभर तालीम घेत बसल्या असतील, "आई आली की कर हं, आई आली की."

खोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

काकू, संध्याकाळी, दारातच: "आज मला आई म्हणाली."

मी पर्स खाली ठेवली.

"दोनदा. वाईट वाटून घेऊ नका. बादलीलाही म्हणाली. आणि शेजारच्यांच्या कुत्र्याला."

हसू की रडू कळेना. हसले. काकू नाही हसल्या. त्या फक्त यादी पूर्ण करत होत्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज मावशींचं ऐकलं. त्या म्हणाल्या होत्या, आल्या आल्या हात पुढे करू नका, जरा पाठ करा.

सहाला दार उघडलं. गोटी समोर, भिंतीला टेकून उभी. मला बघून बसण्याच्या बेतात. मी वळले. पाठ करून बुटांच्या नाड्या सोडत बसले. एका बुटाच्या. सोडलेली पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मागे आधी काहीच नाही. मग नाराजीचा एक आवाज. मग फरशीवर ओल्या पायांची चपचप. काकूंनी तिचे पाय नुकतेच धुतले असावेत. मी वळले नाही. जीव नुसता कानात!

मग माझ्या पाठीवर दोन हात. शर्ट मुठीत धरला आणि डोकं टेकवलं.

काकू म्हणाल्या, "नऊ."

"काय?"

"पावलं. तुम्ही पाठमोऱ्या होतात ना."

म्हणजे हेही मी पाहिलं नाहीच! पण माझ्याकडेच आली होती. याला "पहिल्यांदा" म्हणायचं का? तारीख लिहून ठेवते. पुढचं कळेना.

काकूंनी निघताना विचारलं, "ताई, एक विचारू? सांगू नको म्हणालात तर मी प्रयत्न करीन. जमेलच असं नाही. पण करीन."

मी म्हणाले, "सांगा. पडली, लागलं, सगळं सांगा. आणि बाकीचंही सांगा."

"नक्की?"

"आत्ता तरी."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पहिली पुरवणी गेली. एक चूक राहिली, पान तीन. कुणाच्याही लक्षात आली नाही. काकू असत्या तर आली असती.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज अर्धा दिवस ऑफिस, तरी गोटीला जेवू घालून जाते म्हणून काकू थांबल्या. पाचपासून गोटी घरभर फिरतेय. माझी एक चप्पल ओढत, टेबलाला वळसे घालत. धाप लागली तरी थांबत नाही.

सातला याचा फोन आला. काकू पिशवी भरत होत्या. तिकडे वारा पडलेला. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ. दमलेला. "त्या सूत्राचं काय झालं गं? आठवडाभर डोक्यात तेच. आत बोगद्यात मशीन चालू असतं आणि मी आपला — चालली की नाही, चालली की नाही. चालली का?"

गोटी माझ्या समोरून गेली. चप्पल घासत.

"नाही," मी म्हणाले. "चुकीची बातमी होती. अजून नाही."

"हां." मग एकदम, "म्हणजे मी येईपर्यंत थांबेल कदाचित!"

"कदाचित."

काकूंचा हात पिशवीत तसाच राहिला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी फोन कानाला लावूनच दुसऱ्या हातानं त्यांच्यापुढे हात जोडल्यासारखं केलं. त्यांनी चप्पल घातली. दारात थांबून, अगदी हळू: "एकवीसला मी येत नाही. मला विचारलं तर मी सांगेन."

सासूबाईंना चालल्याचं सांगून बसलेय; आजच फोन करून बजावलं पाहिजे. मावशींना सांगायची गरज नाही.

त्याची गाडी शनिवारी दुपारी दीडला पोचते. दोनच्या सुमारास गोटी पहिल्यांदा चालेल, अशी अपेक्षा आहे.